बेटावरील संस्थांसाठी शासकीय अनुदान: कोणाच्या नावाने मागावे आणि कसे पेलावे

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या आणि आजोळ घारापुरीचे असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, बेटावरील महिला बचतगटांना खाद्यप्रक्रिया आणि प्रशिक्षण यांसाठी एक लहान इमारत व यंत्रे हवी आहेत, तरुणांच्या मंडळाला व्यायामशाळेचे साहित्य हवे आहे आणि मच्छीमारांनाही काही मागण्या मांडायच्या आहेत. तर पुण्यातील आप्तेष्टांनी एकत्र येऊन येथेच एक न्यास नोंदवावा आणि त्याच्या नावाने ही सर्व अनुदाने मागावीत, हे योग्य होईल का. बहुतेक विभागांची आयुक्तालये पुण्यात असल्याने काम लवकर होईल, अशी त्यांची अपेक्षा आहे.

माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे, पण ते मदत न करण्याचे उत्तर नाही. अनुदान बेटावरच्याच संस्थांच्या नावाने यावे, आणि पुण्यातील मंडळींनी त्यासाठी लागणारा स्वहिस्सा, खेळते भांडवल आणि हिशेबाची शिस्त पुरवावी, असे मी सुचवेन. पुण्यात बसून संस्थांचे हिशेब आणि अनुदानाचे प्रस्ताव पाहण्याच्या माझ्या कामात मला पुनःपुन्हा दिसले आहे की, लहान वस्तीत अर्ज मंजूर होणे ही तुलनेने सोपी गोष्ट असते. मंजुरीनंतरची दोन-तीन वर्षे तो पैसा, त्यामागचे कागद आणि त्यातून उभी राहिलेली वस्तू सांभाळणारी माणसे तिथे आहेत की नाहीत, यावर सगळे अवलंबून राहते.

आधी आयुक्तालयांविषयी. कृषी, सहकार, समाजकल्याण, महिला व बालविकास या विभागांची आयुक्तालये पुण्यात आहेत, क्रीडा व युवक सेवा विभागाचे आयुक्तालय बालेवाडीला आहे, हे खरे. परंतु घारापुरी ही रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील ग्रामपंचायत आहे, आणि प्रस्ताव खालून वर जातो. तो उरणच्या पंचायत समितीतून किंवा तालुका स्तरावरील कार्यालयातून अलिबागला जिल्हा परिषदेकडे, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे किंवा त्या त्या विभागाच्या जिल्हा अधिकाऱ्याकडे पोहोचतो, आणि तिथल्या शिफारशीशिवाय पुण्यातील टेबलावर त्याला आधारच नसतो. पुण्यात चौकशी अवश्य करावी, शासन निर्णयाची प्रत आणि प्रपत्रे मिळवावीत, पण वेळ अलिबागेत घालवावा.

दुसरे असे की, नव्या न्यासाला अनुदान मिळण्याची शक्यता मुळातच कमी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी झाली तरी बहुतेक योजना मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतात. केंद्राच्या मंत्रालयांकडे अर्ज करायचा असेल तर नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा नोंदणी क्रमांक लागतो आणि पैशाचा प्रवास पीएफएमएस या केंद्राच्या निधी-वितरण प्रणालीतून होतो. शिवाय ज्या मुद्द्याकडे उत्साही विश्वस्त सहसा लक्ष देत नाहीत, तो येथे सांगतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 प्रमाणे मंजुरी देणारा अधिकारी खाजगी संस्थेच्या कार्यकारिणीच्या सदस्यांकडून संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारीचे बंधपत्र लिहून घेऊ शकतो, आणि अटींचा भंग झाल्यास दिलेली रक्कम वार्षिक 10 टक्के व्याजासह परत मागता येते. घारापुरीतल्या एखाद्या खोलीत यंत्र बंद पडून राहिले आणि त्याबद्दल कोथरूडमधल्या निवृत्त शिक्षकाला नोटीस आली, तर त्या नात्याचे काय होईल याचा विचार आधी करावा.

आता इमारतीचा प्रश्न, कारण त्यातच सर्वांत जास्त अडथळे आहेत. इमारत ग्रामपंचायतीच्या मालकीची असावी आणि तिचा वापर महिलांच्या ग्रामसंघाला, म्हणजे गावातील बचतगटांच्या एकत्रित संघाला, ठरावाने व लेखी कराराने द्यावा. खाजगी न्यासाच्या नावावरील बांधकामाला सार्वजनिक पैसा मिळवणे कठीण असते. मिळाला तरी पुढे ती मालमत्ता विकणे किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देणे यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ग्रामपंचायतीला मात्र अनेक वाटा खुल्या आहेत. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो, खासदारांचाही तेवढाच असतो, जिल्हा नियोजन समितीचा आराखडा दरवर्षी होतो, आणि ग्रामविकास विभागाच्या ज्या लेखाशीर्षाला तालुक्यात सगळे 'पंचवीस-पंधरा' म्हणतात, त्यातून सभागृहासारखी मूलभूत सुविधांची कामे सुचवता येतात. वित्त आयोगाच्या निधीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळातील ग्रामपंचायत निधीपैकी 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता आणि उरलेल्या 40 टक्क्यांतच गावाला निवड करता येत होती. 1 एप्रिल 2026 पासून 16 व्या आयोगाचा कालखंड सुरू होतो, तेव्हा बंधित आणि अबंधित निधीचे नवे प्रमाण ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, आधी समजून घ्यावे.

घारापुरीला आणखी एक आधार आहे, जो सर्वसाधारण खेड्याला नसतो. ही ग्रामपंचायत पर्यटकांकडून कर घेते आणि तो तिच्या स्वउत्पन्नाचा भाग आहे. स्वउत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे ग्रामपंचायतीला बंधनकारक असते. ही रक्कम मोठी नसली तरी तिच्यासाठी मंत्रालयापर्यंत जावे लागत नाही, आणि बचतगटांनी पहिली मागणी येथेच, ग्रामसभेत, लेखी करावी असे मला आग्रहाने वाटते. बाहेरच्या अधिकाऱ्यासमोर जाताना 'आमच्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून एवढा हिस्सा दिला आहे' हे वाक्य प्रस्तावाला जे बळ देते, ते दहा शिफारसपत्रांनी येत नाही.

परंतु जागा ठरवण्यापूर्वी एक पैसाही मागू नये. घारापुरीची लेणी 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि केंद्र संरक्षित स्मारक आहेत. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असते, तिथे नवे बांधकाम होतच नाही, आणि त्यापुढील 200 मीटरच्या विनियमित क्षेत्रात परवानगी घेऊनच ते करता येते. दुसऱ्या बाजूने समुद्र आहे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आणि तिचे प्राधिकरण आले. डोंगरावरून खाली येणारी एक मर्यादा आणि भरतीरेषेपासून वर चढणारी दुसरी, यांच्यामध्ये राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तिन्ही वस्त्यांत नेमकी कोणती जागा मोकळी उरते, हे मोजणी नकाशावर खुणा करून पाहिल्याशिवाय कळत नाही. निधी मंजूर झाला, 31 मार्च जवळ आला आणि परवानगीच नाही, अशा अवस्थेत अडकलेली कामे किनारपट्टीवर नवी नाहीत, आणि एकदा निधी परत गेला की त्या गावाचा पुढचा प्रस्ताव अधिकारी अधिक संशयाने वाचतात. म्हणून शक्य असेल तर नव्या इमारतीऐवजी ग्रामपंचायतीच्या मालकीच्या अस्तित्वात असलेल्या खोलीची दुरुस्ती आणि आतील सोय, असाच प्रस्ताव करावा. प्रतिबंधित क्षेत्रातसुद्धा दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. नव्या पायाला ती मिळत नाही.

पुढचा भाग अंदाजपत्रकाचा, आणि बेटावरील कामे बहुधा येथेच बिघडतात. शासकीय अंदाजपत्रक जिल्हा दरसूचीवर, म्हणजे साहित्य व कामांच्या शासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीवर, बसवलेले असते. सिमेंट, खडी, वाळू, सळई यांच्या दरात ठरावीक अंतराची वाहतूक, म्हणजे 'लीड', धरता येते. पण माल ट्रकमधून धक्क्यावर उतरवणे, होडीत चढवणे, भरतीची वेळ साधून पलीकडे नेणे, पुन्हा उतरवणे आणि डोक्यावरून वस्तीपर्यंत वाहणे, ही साखळी अंदाजपत्रकात आपोआप येत नाही. कनिष्ठ अभियंत्याने ती स्वतंत्र बाब म्हणून, दरपृथक्करणासह, म्हणजे दर कसा आला याच्या फोडीसह, लिहावी लागते, आणि त्यासाठी होडीवाल्यांची लेखी दरपत्रके आपण त्यांच्या हातात द्यावी लागतात. हे झाले नाही की दोनपैकी एक गोष्ट घडते: ठेकेदार निविदाच भरत नाही, किंवा भरतो आणि मग मालाच्या प्रतीत काटकसर करून वाहतुकीचा खर्च भरून काढतो. पावसाळ्यात होड्यांची ये-जा विस्कळीत होते, म्हणून कामाचा कार्यादेश ऑक्टोबरच्या आसपास हाती पडणे आणि बांधकाम मे अखेरीपर्यंत छपरापर्यंत पोहोचणे, हे वेळापत्रक प्रस्तावातच मांडावे. पुण्यातील आप्तेष्टांमध्ये कोणी स्थापत्य अभियंता असतील, तर त्यांची खरी गरज या एका कामासाठी आहे.

या संदर्भात स्कॉटलंडचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिथे 2018 मध्ये बेटांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि एखादे धोरण किंवा सेवा बेटावरील लोकांवर इतरांपेक्षा लक्षणीय वेगळा परिणाम करणार असेल, तर सार्वजनिक संस्थांनी त्या परिणामाचे मूल्यमापन करावे असे बंधन आले. तेथील आयग नावाच्या छोट्या बेटावर, जिथे वस्ती शंभराच्या आसपास आहे, रहिवाशांच्या न्यासाने 1997 मध्ये बेट विकत घेतले आणि 2008 पासून वारा, पाणी आणि सूर्य यांवर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था सुरू केली. त्यात सार्वजनिक अनुदानाचा मोठा वाटा होता, पण मालकी आणि देखभाल बेटावरच राहिली. घारापुरीला समुद्रतळातून केबल टाकून नियमित वीज मिळाली ती 2018 मध्ये. आपल्याकडे बेट म्हणून अधिक खर्च मान्य करणारी तशी सर्वसाधारण तरतूद नसल्याने तो खर्च प्रत्येक प्रस्तावात पुराव्यासह मागावा लागतो, आणि तो मागण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

बचतगटांच्या यंत्रांविषयी लिहितो. हे काम ग्रामपंचायतीने करू नये. ते गटांचे आणि त्यांच्या ग्रामसंघाचे आहे. गट 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेले असतील आणि पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि व्यवस्थित नोंदी, पाळत असतील, तर फिरता निधी आणि ग्रामसंघामार्फत समुदाय गुंतवणूक निधी हे पहिले पैसे असावेत. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी 2020 मध्ये सुरू झाली, बचतगटाच्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि वैयक्तिक उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदान अशी रचना आहे. अर्ज करण्यापूर्वी योजनेची चालू मुदत अलिबागच्या कृषी कार्यालयात तपासावी.

या 35 टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हे अनुदान रोख हातात येत नाही. आधी बँकेने कर्ज मंजूर करायचे, लाभार्थ्याने किमान 10 टक्के स्वहिस्सा भरायचा, मग अनुदानाची रक्कम बँकेतल्या वेगळ्या खात्यात येऊन तीन वर्षे थांबते आणि कर्जखाते नियमित राहिले असेल तरच ती कर्जात वळती होते. समजा 4 लाख रुपयांची यंत्रे घ्यायची आहेत. अनुदान 1,40,000 रुपये, स्वहिस्सा 40,000 रुपये. तरीही पहिल्या दिवशी 3,60,000 रुपयांच्या कर्जावर सही करावी लागते आणि हप्ते लगेच सुरू होतात. अनुदानाच्या भागावर व्याज लागत नाही, हा दिलासा आहे, पण हप्ता चुकला तर अनुदानही धोक्यात येते. पर्यटकांचा हंगाम पावसाळ्यात मंदावतो, त्यामुळे जून ते सप्टेंबरचे हप्ते कोठून भरायचे, हे ठरवल्याशिवाय कोणत्याही ताईंनी या कागदावर सही करू नये, असे मी निक्षून सांगतो. पुण्यातील मंडळींनी न्यास काढण्यासाठी जमवलेला पैसा नेमका येथे उपयोगी पडतो: स्वहिस्सा आणि चार महिन्यांच्या हप्त्यांइतकी राखीव ठेव, ग्रामसंघाच्या खात्यात, परत येण्याच्या अटीवर.

शासकीय अनुदानाचे इतर प्रकारही थोड्याफार फरकाने असेच चालतात. पहिला हप्ता मिळतो, तो खर्च करून त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर दुसरा येतो, आणि शेवटचा हप्ता बहुधा काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यानंतर मिळतो. म्हणजे मधल्या काळात कोणाचा तरी पैसा अडकणारच. शहरातली संस्था तो अन्य देणग्यांतून भागवते. बेटावर तो एखाद्या सदस्येच्या घरातून किंवा दुकानदाराच्या उधारीतून जातो, आणि त्यातून जी कटुता येते ती बेट सोडून कोठे जात नाही. प्रस्ताव लिहिताना महिनावार रोख आवक-जावकीचा तक्ता करावा. अनुदानाचा प्रत्येक हप्ता सहा महिने उशिरा आला असे धरून तो तक्ता पुन्हा करावा. दुसऱ्या तक्त्यात खाते कोठेही उणे होत असेल, तर प्रस्ताव लहान करावा.

याहून नाजूक विषय हितसंबंधांचा आहे. बाराशे-पंधराशे माणसांच्या वस्तीत ग्रामपंचायतीत असणाऱ्या घरातलीच कोणी ग्रामसंघात असते, तिचा दीर मच्छीमार संस्थेत असतो आणि होडी त्यांच्याच चुलत्याची असते. यात गैर काही नाही. लहान समाजाची घडणच तशी असते. पण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्यत्व अपात्र ठरू शकते, आणि अशा तक्रारी निवडणुकीच्या आगेमागे हमखास होतात. यावर उपाय नातेवाइकांची होडी टाळणे हा नाही, कारण दुसरी होडी कदाचित नसेलच. उपाय असा की ग्रामपंचायतीचे काम वाहतुकीसह बाहेरच्या ठेकेदाराला निविदेने द्यावे, आणि ग्रामसंघाच्या खरेदीत तीन लेखी दरपत्रके घेऊन, ज्यांचे नाते आहे त्यांनी ते बैठकीत सांगून मतदानापासून दूर राहावे व इतिवृत्तात तसे लिहावे. इतिवृत्तातील ती एक ओळ पुढच्या अनेक भांडणांपासून वाचवते. बँक खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि त्या एकाच घरातल्या नसाव्यात.

हिशेबाविषयी थोडक्यात. प्रत्येक अनुदानाचे खाते किंवा निदान खतावणी वेगळी ठेवावी, एका योजनेचा पैसा दुसरीकडे उसना वळवू नये, आणि अनुदानावर मिळालेले व्याज स्वतःचे समजू नये. केंद्राच्या नियमांप्रमाणे ते परत भरायचे असते. उपयोगिता प्रमाणपत्राची मुदत मंजुरीच्या आदेशात दिलेली असते आणि केंद्रीय अनुदानासाठी ती सामान्यतः आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांची असते. अनुदानातून घेतलेल्या यंत्रांची नोंदवही ठेवावी, प्रत्येक यंत्रावर योजनेचे नाव व वर्ष रंगवावे, आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या परवानगीशिवाय ते विकू नये किंवा मुख्य भूमीवर हलवू नये. खाऱ्या हवेत यंत्रे लवकर गंजतात, म्हणून देखभालीचा खर्च सुरुवातीपासून धरावा. अनुदान तो सहसा देत नाही. हे कागद माहितीच्या अधिकारात कोणीही मागू शकतो असे समजूनच ठेवावेत.

व्यायामशाळेचे साहित्य हा तुलनेने सरळ विषय आहे. व्यायामशाळा विकास अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो, आणि मंडळ नोंदणीकृत नसेल तर ग्रामपंचायतीने तो करावा. मच्छीमारांच्या मागण्या त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत मत्स्यव्यवसाय विभागाकडे जाव्यात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत, जी 2020 मध्ये सुरू झाली, लाभार्थी-केंद्रित घटकांना सर्वसाधारण गटात 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमाती यांना 60 टक्के साहाय्य असे प्रमाण आहे. त्यामुळे शीतपेट्या किंवा मासळी वाळवण्याची सोय महिलांच्या नावाने मागणे न्याय्य तर आहेच, शिवाय स्वहिस्साही कमी लागतो. हे विषय बचतगटांच्या प्रस्तावात मिसळू नयेत.

सुरुवात ग्रामसभेपासून करावी. ग्रामपंचायत विकास आराखड्याची प्रक्रिया साधारणपणे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि जे काम आराखड्यात नाही त्यासाठी निधी मागणे अवघड जाते. त्याआधी बेटावर जाऊन तिन्ही वस्त्यांतील गटांच्या अध्यक्षा आणि सचिव यांच्याबरोबर बसावे, जागेचा उतारा व नकाशा हाती घ्यावा, आणि ठरावाचा मसुदा त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा. त्यात खोलीचे नेमके ठिकाण, मालकी ग्रामपंचायतीची, वापर ग्रामसंघाचा, ग्रामपंचायतीचा स्वउत्पन्नातील हिस्सा, देखभालीचा खर्च कोण करणार, आणि वीजबिल कोणाच्या नावाने येणार, एवढ्या बाबी स्पष्ट असाव्यात. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मिळाल्यावर ती आणि गटांचे मागील तीन वर्षांचे हिशेब घेऊन अलिबागला जावे.